सूर्यासमोरचे रुंद भिंग

छायाचित्र काढताना सूर्य किंवा दिवा समोर आला म्हणजे कधी साऱ्या चित्रावर पांढुरका पडदा चढतो, तर कधी हिरव्या-जांभळ्या टिकल्यांची एक माळ या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ओघळते. छायाचित्रकार याला 'फ्लेअर' म्हणतात. कौलाच्या फटीतून घरात शिरणाऱ्या तिरकस उन्हाला आपल्याकडे तिरीप म्हणतात. भिंगात नको तेथून शिरलेल्या या उजेडालाही आम्ही तिरीपच म्हणणार आहोत. साध्या भिंगात तिचा उपद्रव असतोच. परंतु अतिरुंद भिंगात, म्हणजे एका नजरेत शंभर-सव्वाशे अंशांचा पल्ला घेणाऱ्या भिंगात, तो इतका वाढतो की पुष्कळ हौशी मंडळी ते भिंग उन्हात बाहेर काढीतच नाहीत. आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न भिंगाच्या किमतीचा थोडा आणि आपण उभे कोठे राहतो याचा फार आहे. चित्र काढून झाल्यावर मात्र त्यावर खरा इलाज उरत नाही.

कामगार संघटनेच्या माणसाने भिंगाविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पूर्वी मोर्चाबरोबर एखादाच छायाचित्रकार असे, आणि त्याचे पैसे वर्गणीतून चुकते करताना खजिनदाराच्या कपाळाला आठ्या पडत. आता शंभरांच्या मोर्चात शंभर कॅमेरे असतात, आणि हल्लीच्या बहुतेक फोनांच्या पाठीवर मुख्य भिंगाशेजारी सुमारे १२० अंशांचे दुसरे रुंद भिंगही असते. आमच्या कामाला हे दुसरेच अधिक लागते. कारण कामगार जेथे राबतो तेथे मागे सरकायला जागा नसते. वाशीच्या बाजार समितीच्या आवारात एखाद्या गाळ्यात गोण्यांच्या थप्पीसमोर उभे राहून पाहा. पाठ दुसऱ्या थप्पीला टेकते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लहान शेडमध्ये यंत्र आणि भिंत यांमधून माणूस आडवा होऊन जातो. अशा ठिकाणी साधे भिंग थप्पीचा एक तुकडा दाखवील. थप्पी कोणत्या बाजूला कलली होती, माथाडी कोठे उभा होता आणि वाट किती रुंद होती, हे सारे एकाच चित्रात दाखवायचे तर रुंद भिंगाला पर्याय नाही. आणि नेमक्या याच जागी आत काळोख व टोकाला दाराचा झगझगीत चौकोन अशी स्थिती असते.

एका कारखान्यात (नाव घेण्याचे कारण नाही) यंत्रावर संरक्षक जाळी नसल्याने एका जोडीदाराच्या हाताला इजा झाली. दुसऱ्याने त्याच पाळीत फोनने चित्र काढले, शेड सबंध आली, यंत्रही आले. परंतु मागच्या खिडकीच्या उजेडाची एक गोल फिकट टिकली बरोबर दात्यांवर बसली होती. चौकशीत मालकाकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "येथे काय आहे ते दिसत नाही. जाळी असेलही." ती नव्हती हे साक्षीदार उभे करून शाबीत करावे लागले, आणि साक्षीदार उभे करणे म्हणजे काय असते हे नोकरी करणाऱ्याला सांगायला नको. चित्र काढणारा अर्धे पाऊल बाजूला सरकला असता तर ती टिकली भिंतीवर गेली असती.

आता ही टिकली येते कोठून ते पाहू.

रात्री पामबीच रस्त्याने वातानुकूलित बसमधून जाताना खिडकीबाहेर पाहू गेले तर खाडीऐवजी आपलाच चेहरा दिसतो. दिवसा तो दिसत नाही. काच रात्री बदलते असे नव्हे. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर जो उजेड पडतो त्यातला सुमारे ४ टक्के परत फिरतो; काचेला दोन पृष्ठभाग, तेव्हा मिळून सुमारे ८ टक्के. दिवसा बाहेरून येणाऱ्या लखलखाटात हे ८ टक्के बुडून जातात, रात्री बाहेर अंधार असल्याने ते वर येतात. तिरीप म्हणजे हेच परतलेले ४ टक्के होत.

कॅमेऱ्याचे भिंग ही एकच काच नसून काचांची उतरंड असते. तीन सुट्या काचांच्या जुन्या साध्या भिंगात हवेला लागलेले सहा पृष्ठभाग. निकॉन कंपनीने २००७ साली काढलेले १४ ते २४ मिलिमीटरचे जे प्रसिद्ध रुंद भिंग आहे, त्यात १४ काचा ११ गटांत बसविलेल्या आहेत. म्हणजे हवेला लागलेले पृष्ठभाग २२. उजेड एका पृष्ठभागावरून मागे फिरला आणि मागल्या दुसऱ्या पृष्ठभागावरून पुन्हा पुढे आला, की तो वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा भलत्याच जागी चित्रात उतरतो. दोन-दोन पृष्ठभागांची एकेक जोडी धरली तर सहा पृष्ठभागांच्या १५ जोड्या होतात आणि बावीसांच्या २३१. प्रत्येक जोडी सूर्याची एक फिकी प्रतिमा तयार करू शकते. छायाचित्रकार त्यांना भुते म्हणतात, आणि ते नाव आम्हांला पसंत आहे. पुष्कळ भुतांना पाच-सहा बाजूंचा आकार असतो, तो भिंगाच्या आतल्या पात्यांच्या छिद्राचा होय. एकाच रेषेत ती बसतात, कारण भिंगाच्या साऱ्या काचांचा आस एकच असतो. सूर्यापासून चित्राच्या मध्यातून रेघ ओढा, भुते त्या रेघेवर सापडतील. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

४ टक्क्यांचे ४ टक्के म्हणजे मूळ उजेडाचा ६२५ वा हिस्सा. हा हिस्सा किरकोळ वाटेल. परंतु सूर्याचे बिंब निळ्या आकाशापेक्षा लाखो पटींनी तेजस्वी असते, तेव्हा त्याचा सहाशेवा हिस्सा एखाद्याचा चेहरा पुसायला भरपूर झाला. शिवाय साध्या काचेचे २२ पृष्ठभाग ओलांडून शंभर भागांतले जेमतेम ४१ भाग पलीकडे जातात. राहिलेल्यांपैकी बराच उजेड आत भटकत राहतो आणि तोच पांढुरका पडदा होऊन बसतो. म्हणूनच असली भिंगे फार काळ बनलीच नाहीत; बनवून उपयोग नव्हता.

ही कोंडी कशी फुटली ती हकीकत आम्हांला विशेष प्रिय आहे, कारण तिची सुरुवात कारखान्यात झाली. इंग्लंडात यॉर्क येथे दुर्बिणी बनविणाऱ्या कुक यांच्या कारखान्यात डेनिस टेलर नावाचे भिंगतज्ज्ञ होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या ध्यानात आले, की हवेने डागळलेली जुनी काच नव्या लखलखीत काचेपेक्षा अधिक उजेड पार जाऊ देते. एरवी गिऱ्हाईक जी काच डागाळली म्हणून परत करील तीच सरस निघाली! टेलर यांनी तो गंज मुद्दाम आणण्याची रीत शोधून १९०४ मध्ये तिचे पेटंट घेतले. कारण असे, की काचेवर निराळ्या जातीचा अतिशय पातळ थर असला म्हणजे उजेड थराच्या वरून व थराच्या खालून असा दोनदा परततो, आणि थराची जाडी उजेडाच्या लाटेच्या चौथ्या हिश्शाएवढी असेल तर या दोन परतलेल्या लाटा एकमेकींना मारून टाकतात. ही जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी भरते. १९३५ साली जर्मनीत झाइस कंपनीचे अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत असा थर काचेवर चढविण्याची रीत बसविली. दुसऱ्या महायुद्धात ती लष्करी गुपित म्हणून जपली गेली. अमेरिकेत कॅथरीन ब्लॉजेट या बाईंनी १९३८ मध्ये अशा थरांनी जवळजवळ परावर्तनरहित काच करून दाखविली. एकावर एक अनेक थर देण्याची पद्धत १९७०च्या सुमारास बाजारात आली. भिंग तिरके धरले असता त्यावर जी जांभळी-हिरवी झाक दिसते, ती या थरांचीच. चांगल्या थरामुळे परतणारा उजेड अर्ध्या टक्क्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. अर्ध्या टक्क्याचा अर्धा टक्का म्हणजे ४०,००० वा हिस्सा. ६२५ आणि ४०,००० या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजेच आजचे रुंद भिंग.

मग एवढे करूनही रुंद भिंगात तिरीप का उरते? तिची पहिली दोन कारणे सरळ आहेत: काचा पुष्कळ, आणि पल्ला मोठा असल्याने सूर्य वारंवार चौकटीत येतो. तिसरे कारण जरा समजून घेण्यासारखे आहे. साध्या भिंगाला पुढे नळकांडे लावतात, त्याला हुड म्हणतात; उन्हात आपण कपाळावर हात आडवा धरतो तसलाच तो प्रकार. परंतु हुड चित्रात दिसता कामा नये. ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगाची नजर आडवी सुमारे ४० अंशांची. तेथे हुड २ सेंटिमीटर पुढे काढला तर त्याला बाजूला पाऊण सेंटिमीटर फाकावे लागते. १४ मिलिमीटरच्या भिंगाची नजर १०४ अंशांची. तेथे तोच २ सेंटिमीटरचा हुड बाजूला अडीच सेंटिमीटर फाकवावा लागतो. असा हुड म्हणजे उताणी परात. त्यातून पुढली काच बैलाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली असते. म्हणून अशा भिंगांना चार पाकळ्यांचा नावापुरता हुड असतो, त्यावर विसंबून राहू नये. फोनच्या भिंगाला तर तोही नाही.

तेव्हा सावलीची व्यवस्था आपणच करायची. कसोटी सोपी आहे: सूर्य चित्रात आहे की नाही हे पाहू नका, भिंगाच्या काचेवर ऊन पडले आहे की नाही हे पाहा. काचेवर ऊन असेल तर सूर्य चौकटीबाहेर असूनही पडदा चढू शकतो. एखाद्या सोबत्याने बाजूला उभे राहून तळहात, टोपी, पत्रकांचा गठ्ठा, जे हाती असेल ते असे धरावे की त्याची सावली काचेवर पडेल, आणि चित्रात त्याची कड येणार नाही. पुठ्ठा भिंगाच्या नाकाशी धरण्यापेक्षा हातभर लांब धरला तर नेम साधणे सोपे जाते. सूर्य चौकटीच्या अगदी कडेला असेल तर हा उपाय थकतो, हे कबूल केले पाहिजे.

सूर्य चौकटीत केव्हा येतो याचा हिशेब मांडता येतो. १४ मिलिमीटरचे भिंग आडवे व समपातळीत धरले तर ते क्षितिजाच्या वर सुमारे ४१ अंशांपर्यंत पाहते. नवी मुंबई १९ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यास येथे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. त्या दिवसांत सकाळी साधारण ९ पासून दुपारी ४ पर्यंत तो ४१ अंशांच्या वर असतो, म्हणजे चौकटीबाहेर. डिसेंबरच्या अखेरीस तो भर दुपारीही साडेसत्तेचाळीस अंशांपलीकडे चढत नाही. साधारण ११ ते सव्वादोन एवढाच वेळ तो वर असतो, एरवी दक्षिणेकडे तोंड केले की चित्रात आलाच. सूर्य ताशी पंधरा अंश सरकतो. १०४ अंशांच्या चौकटीतून तो आपण होऊन बाहेर जाण्याची वाट पाहणाऱ्याने डबा बरोबर न्यावा.

या गावाची ठेवणही ध्यानात घ्यावी. वाशी, सानपाडा, नेरुळ यांच्या पश्चिमेस खाडी, आणि पूर्वेस पारसिकच्या डोंगराची रांग. डोंगराचे चित्र संध्याकाळी आणि खाडीचे सकाळी काढावे, म्हणजे ऊन पाठीशी राहते. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांसाठी खाडीकाठी जाणाऱ्यांना हे ठाऊकच असते. पण रुंद भिंगवाल्याला येथे निराळीच अडचण भेटते. ऊन अगदी पाठीमागे आणि खालून असेल तर त्याची स्वतःची लांबलचक सावली चित्राच्या तळाशी येऊन झोपते. सूर्य पाठीशी ठेवण्याऐवजी किंचित खांद्यामागे ठेवला तर सावली बाजूला जाते आणि काचेवरही ऊन येत नाही. मावळतीचा बिंदू जूनमध्ये पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे २५ अंश आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेला तेवढाच सरकतो. तेव्हा मागल्या पावसाळ्याआधी जेथे उभे राहून चांगले चित्र मिळाले, तेथेच या हिवाळ्यात मिळेल असे धरू नये.

पण मोर्चाला तोंड फिरवा म्हणता येत नाही, आणि गाळ्याचे दार हलविता येत नाही. उजेड समोर असणारच अशा वेळी त्याला लपवावे. रुंद भिंगात सूर्य लहान होतो हा येथे मोठाच फायदा. सूर्याचे बिंब अर्ध्या अंशाचे. हात लांब करून करंगळी धरली तरी ते झाकले जाते. १४ मिलिमीटरच्या भिंगात त्याची प्रतिमा चित्राच्या रुंदीच्या पावणेतीनशेव्या भागाएवढीच पडते. रस्त्यावरचा दिव्याचा खांब दहा पावलांच्या आत असेल तर तो भिंगाला सावलीत घ्यायला पुरतो. झाडाची फांदी, फलकाची काठी, पुढे चालणाऱ्या कार्यकर्त्याचे डोके, काहीही चालते. सूर्य ताणलेल्या बावट्याच्या मागे घेतला तर कापड पेटल्यासारखे लाल दिसते आणि खालचे चेहरे स्वच्छ राहतात. चेहरे हेच आमच्या चित्राचे सार असते. गाळ्यातही तेच करावे: दाराचा चौकोन थप्पीच्या कडेआड घ्यावा. सूर्य पुरता न झाकता खांबाच्या कडेला त्याची कणी ठेवली आणि छिद्र एफ/१६ पर्यंत लहान केले, तर किरणांची चांदणी उमटते. छिद्राची पाती समसंख्य असतील तर तितकीच टोके, विषम असतील तर दुप्पट. हौशी लोकांना ही फार आवडते. आम्हांलाही आवडते, परंतु छिद्र लहान केले की भुते अधिक रेखीव होतात, एवढे सांगून ठेवतो.

भूत टळत नसेल तर त्याला जागा नेमून द्यावी. ती सारी सूर्यातून मध्याकडे जाणाऱ्या रेषेवर असतात, म्हणून कॅमेरा जरासा वळविला की तीही वळतात. फोनवर रात्री तर हे फार सोपे आहे: दिवा डावीकडे वर असेल तर त्याचा हिरवा ठिपका मध्याच्या पलीकडे तितक्याच अंतरावर उजवीकडे खाली पडतो. रात्रपाळी सुटताना गेटवर सभा असली की फाटकावरचे दिवे समोर येतातच. वक्त्याच्या छातीवर पडणारा ठिपका उजळ रस्त्यावर टाकला की तो तेथे विरघळतो. मात्र ज्या कॅमेऱ्यात काचेतून सरळ पाहावे लागते, त्यातून सूर्य न्याहाळू नये, डोळा जातो.

तिरिपीला शोभा मानणारेही आहेत, आणि त्यांच्याशी आमचे भांडण नाही. १९५० सालच्या 'राशोमोन' या जपानी चित्रपटात छायालेखक काझुओ मियागावा यांनी पानांआडच्या सूर्यावर कॅमेरा सरळ रोखला. १९६९ च्या 'ईझी रायडर'मध्ये भिंगावरच्या उजेडाच्या टिकल्या तशाच राहू दिल्या आहेत. त्यांना त्या हव्या होत्या. जाळीच्या जागी टिकली हवी असणारा कामगार आम्ही पाहिलेला नाही.

एक युक्ती निसर्गचित्रे काढणारे वापरतात. कॅमेरा तिवईवर पक्का ठेवून एक चित्र तसेच काढायचे, दुसरे सूर्यावर अंगठा धरून. दुसऱ्यात तिरीप नसते, अंगठा असतो. मग संगणकावर दोन्हींचे चांगले भाग जोडायचे. वाशीच्या खाडीवरच्या मावळतीसाठी हे बेलाशक करावे. आता फोनही बोट फिरवले की ठिपका पुसून देतो. पण टिकलीखाली जे होते ते कॅमेऱ्याला दिसलेलेच नसते. फोन तेथे शेजारच्या रंगावरून अंदाजाने काहीतरी भरतो. दिवाणखान्यातल्या चित्राला ते चालेल. अपघाताच्या चित्राला मुळीच चालणार नाही, कारण एक जागा भरली हे दिसले की साऱ्या चित्रावर शंका घेता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. तेव्हा मूळ चित्र तसेच ठेवावे, संदेशातून पाठविलेल्या आकसलेल्या प्रतीवर भिस्त ठेवू नये, आणि जागेवरच पाऊलभर डावीकडून एक व पाऊलभर उजवीकडून एक अशी आणखी दोन चित्रे घ्यावीत. टिकली तिन्हींत एकाच जागी बसत नाही.

शेवटी स्वच्छतेविषयी. वर सांगितलेले सारे थर, सारा हिशेब एका बोटाच्या ठशाने व्यर्थ होतो. खिशातल्या फोनच्या भिंगावर घाम व तेलाचा लेप असतोच. तो सदऱ्याने एकाच दिशेला पुसला तर बारीक रेघा उरतात, आणि दिव्यातून त्या रेघांच्या काटकोनात उजेडाची लांब तलवार निघते. फुंकर घालून धूळ उडवावी, मग तोंडाची वाफ देऊन धुतलेल्या मऊ सुती कापडाने गोल गोल पुसावे. तुर्भ्याच्या बाजूला रस्त्यांवर धूळ भरपूर, खाडीकाठी वाऱ्यात खार. पुढे आलेल्या काचेचे भिंग असेल तर कापड खिशात असू द्यावे आणि दर तासाला काच उजेडाकडे तिरकी धरून पाहावी. भिंगाच्या रक्षणासाठी लावलेली सपाट काच रात्री काढून ठेवावी. दिव्यांची जादा भुते बहुधा तीच पैदा करते. पावसाळ्यात छत्री कॅमेऱ्याच्या वर न धरता वाऱ्याच्या बाजूला धरावी, कारण रुंद भिंगात छत्रीची कड आधी येते आणि थेंब नंतर.